मुलाने हाती कानस घेतली तर

(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे नाव आपल्या घरांत सर्वांत शेवटी निघते, आणि तेही बहुधा धाक घालण्यासाठी. "अभ्यास केला नाहीस तर फिटर व्हावे लागेल," हे वाक्य सुशिक्षित पालकांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. त्याविषयीच आज चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

फिटरला, म्हणजे जोडाऱ्याला, काय शिकवितात हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? आरंभी त्याच्या हाती कानस येते. लोखंडाचा तुकडा शेगड्यात घट्ट धरून सपाट करावयाचा. दिसावयास सोपे, पण हात किंचित झुलला की कडा झिजतात व मध्ये फुगवटा राहतो. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की फटीतून दिसणाऱ्या प्रकाशापुढे कोणतीही सबब चालत नाही. पुढे व्हर्निअर कॅलिपरने मिलिमीटरचा पन्नासावा भाग आणि मायक्रोमीटरने शंभरावा भाग मोजावयाचा. दशांश अपूर्णांकाला भिणारा मुलगा येथे तो हाताने शिकतो. आम्हां गणिताच्या मास्तरांना हेवा वाटावा अशीच ही रीत आहे!

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती पांढरपेशी नोकरी सोडून ते बेळगावी सायकलींच्या धंद्यात पडले, लोखंडी नांगर बनवू लागले, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या कथेचे आपण कौतुक करतो. मात्र आपल्या चिरंजीवाचे हात तेलकट झालेले आपणांस खपत नाहीत.

या मार्गात कष्ट नाहीत असे मी म्हणणार नाही. संधात्याने काळी काच न वापरल्यास डोळ्यांना इजा होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात अनुभव मिळतो, पण विद्यावेतन बेताचेच असते. पुढे कंत्राटी नोकरीत अडकून पडण्याचे भयही आहे. तथापि जोडारी किंवा विजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या दहावी उत्तीर्ण मुलास तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे पुढील शिक्षणाचे दार बंद होते, ही समजूत चुकीची आहे. आणि मुलींनाही हे सर्व व्यवसाय खुले आहेत, हे मातांनी ध्यानी घ्यावे.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या गुणगौरव समारंभात पदवीधरांना शाल मिळते. व्यवसायाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविणाऱ्यास मात्र सभागृहात मागील रांगेत बसावे लागते. वधूवर परिचयात विजतंत्री मुलाची माहिती देताना वडील "खाजगी नोकरी" एवढेच लिहितात. मुलाला हे कळत नाही काय? कार्यकारी मंडळाला माझी विनंती आहे की, पुढील वर्षापासून या मुलामुलींची नावेही त्याच यादीत वाचली जावीत, आणि ज्ञातीच्या शिष्यवृत्तीतील काही रक्कम हत्यारांच्या पेटीसाठी राखून ठेवावी.

प्रवेशाचे अर्ज आता शासनाच्या संकेतस्थळावर भरावे लागतात व मुदत थोडी असते. दाखले निकालापूर्वीच काढून ठेवावेत. कोणास अर्ज भरण्यात अडचण असेल, तर मेळावा संपल्यावर मी व्यासपीठाजवळ थांबणार आहे.