गुडघ्यांचा घसारा : वार्षिक सभेतील मनोगत



यंत्रांची झीज आम्ही वाणिज्याचे पदवीधर दरवर्षी 'घसारा' म्हणून नोंदवतो. घिवलीच्या किनाऱ्यावर उकिडवे बसून मासळी निवडण्यात आयुष्य वेचलेल्या भगिनींच्या गुडघ्यांचा घसारा मात्र कोणत्याच वहीत नसतो.

गुडघ्याभोवती घर्षण कमी करणाऱ्या द्रवाच्या लहान पिशव्या असतात. त्यांना बर्सा म्हणतात. उतारवयात त्यांची सूज पुष्कळदा सांध्याच्या झिजेसोबत येते. तथापि सर्व वेदना झिजेचीच समजून शस्त्रक्रियेच्या धास्तीने घरी बसू नये. झीज भरून येत नाही; सूज मात्र विश्रांती, बर्फाचा शेक व व्यायामाने बहुधा ओसरते. गुडघा लाल, गरम होऊन ताप आल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

हा भेद वेळीच ओळखला जाणे, हाच आपल्या देणगीचा सार्थ विनियोग होय.