राजकन्येच्या हातचा मिना

मिन्याचे काम म्हटले की आपल्याकडे जयपूर आठवते, आणि पिढ्यानपिढ्या भट्टीपुढे बसलेले तेथील कारागीर. राजघराण्यातील स्त्रियांनी दागिने ल्यावेत, ते घडवावेत दुसऱ्यांनी, असाच जगाचा रिवाज. इंग्लंडची राजकन्या मेरी लुईझ हिने तो मोडून मिन्याचे काम आणि दागिने घडवणे या दोन्ही विद्या स्वतःच्या हाती घेतल्या.

व्हिक्टोरिया राणीची ही नात 1872 साली विंडसर येथे जन्मली. 1891 साली जर्मनीतील आन्हाल्ट संस्थानच्या राजपुत्राशी तिचा विवाह झाला. तो सुखाचा ठरला नाही. 1900 साली सासऱ्याने, त्या संस्थानचा अधिपती या नात्याने, विवाह रद्द ठरवला; तिचे वय तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे. राजाज्ञेने विवाह मोडला, तरी देवापुढे घेतलेली शपथ मोडत नाही, ही तिची श्रद्धा. तिने पुन्हा लग्न केले नाही.

विल्यम मॉरिस प्रभृतींच्या खटपटीने त्या काळी इंग्लंडात हस्तकलांना पुन्हा मान मिळू लागला होता. अलेक्झांडर फिशरसारखे कलावंत मिन्याची विद्या शिकवीत होते, आणि कुलीन स्त्रियाही तिच्याकडे वळत होत्या. हौस म्हणून या विद्येची वासलात लावणे सोपे आहे. पण तिचे स्वरूप पाहावे.

मिना म्हणजे रंगीत काच. ती पाण्यात खलून, गढूळ पाणी निवळेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावी लागते. मग तांब्याच्या, रुप्याच्या अगर सोन्याच्या स्वच्छ पत्र्यावर तिचा पातळ थर द्यायचा. पत्र्याच्या पाठीलाही मिना लावतात; कारण निवताना धातू आणि काच सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, आणि एकाच अंगाला थर असला तर तो तडकतो. ओल राहिली तर भट्टीत काच उडते. भट्टीची धग सुमारे 800 अंश. काम एक-दोन मिनिटांचे. आधी पृष्ठभाग खरबरीत, मग संत्र्याच्या सालीसारखा, मग एकाएकी गुळगुळीत. त्याच क्षणी बाहेर काढावे. लालभडक तापलेला असताना कोणताच रंग ओळखू येत नाही. निवाल्यावरच खरा दिसतो. शिवाय अशा अनेक भट्ट्या द्याव्या लागतात, आणि शेवटच्या भट्टीत आधीचे सारे श्रम वाया जाऊ शकतात. तेथे कुळाचा उपयोग नाही.

अर्थात तिची चूल या कामावर पेटत नव्हती. पोटासाठी काचेची भुकटी खलणाऱ्या कारागिराशी तिची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण कारागिराच्या श्रमाचे मोल तिला कळले, हे खोटे नव्हे.

त्याचा प्रत्यय पुढे आला. नव्या दिल्लीचे शिल्पकार लट्यन्स यांच्यापुढे 1921 साली तिनेच एक कल्पना मांडली: बालमैत्रीण मेरी राणी हिला एक बाहुलीघर भेट द्यावे. एका फुटास एक इंच या प्रमाणाच्या त्या घरासाठी तिने लेखकांना, चित्रकारांना स्वतः पत्रे लिहिली. शेकडो कारागिरांचे हात त्याला लागले. 1924 साली वेम्ब्लीच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले.

मेरी लुईझ 1956 साली वारली. बाहुलीघर आजही विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्यात एक इवलीशी तिजोरीची खोली असून, जाळीआड चिमुकले राजमुकुट ठेवले आहेत.