मोटारींतील हवा राखणारी पेटी

मोटारींत बसावें, समोरच्या फळीवर चोवीस अंशांचा आंकडा लावावा आणि मग हवेचा विचारच सोडून द्यावा, एवढी सोय आज पुष्कळ मध्यमवर्गीय गृहस्थांच्या गाड्यांतही आली आहे. ती एका दिवसांत लाभलेली नाहीं. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९४० सालच्या आपल्या गाड्यांस थंड हवेचें यंत्र देऊं केलें, तेव्हां त्याचा काँप्रेसर थांबविण्याची सोयच त्यांत नव्हती. एंजिन चालू असेतों तो फिरे. नको असल्यास मालकानें बॉनेट उघडून त्याचा पट्टा काढून ठेवावा, असा सरळ खाक्या होता! लाविलेलें तापमान आपोआप राखणारी योजना कॅडिलॅक गाड्यांत १९६४ सालीं आली. त्या वेळीं हवेच्या झडपा निर्वाताच्या ओढीनें हालत. आज त्या विजेच्या चिमुकल्या मोटारी हालवितात, आणि कोणती झडप किती उघडावयाची हा निर्णय फळीआड बसविलेली एक लहानशी संगणक-पेटी घेते.

ह्या पेटीला स्वतःला ऊन कळत नाहीं कीं थंडी कळत नाहीं. तिला कळतो तो केवळ विजेचा दाब. बाहेरची हवा, आंतली हवा, हवा गार करणारी जाळी आणि सूर्याचें ऊन ह्यांविषयीं तिला वर्दी देण्यास चार निरनिराळे सेन्सर नेमलेले असतात. त्यांपैकीं तापमान सांगणारे सेन्सर म्हणजे बहुधा एकेक लहानसा मणी असतो. तो तापला कीं त्याचा विद्युत्-विरोध घटतो, थंड झाला कीं वाढतो. पेटी आपल्या पोटांतील एका ठराविक विरोधांतून पांच व्होल्टचा दाब त्याजकडे पाठविते आणि मण्याच्या तोंडाशीं किती दाब उरला तो वाचते. दाब अधिक तर थंडी अधिक, दाब कमी तर उष्णता अधिक, एवढाच हा हिशेब.

आतां समजा, मण्याची तार तुटली. मग पांचच्या पांच व्होल्ट तसेच उरतात, आणि पेटीच्या हिशेबानें बाहेर ध्रुवप्रदेशालाही लाजविणारी थंडी पडलेली असते. उलट तीच तार कातडी सोलून गाडीच्या लोखंडास टेकली तर दाब शून्यावर येतो, आणि बाहेर पाणी उकळेल एवढी उष्णता आहे असें दिसूं लागतें. दोन्ही गोष्टी अशक्य, हें पेटीला पढविलेलें असतें. ती त्या सेन्सरचें म्हणणें बाजूस सारते, त्याऐवजीं एक ठरीव आंकडा धरून काम चालू ठेवते आणि आपल्या स्मृतींत ‘बी’ ह्या अक्षरानें आरंभ होणारा एक संकेतांक टिपून ठेवते. गार जाळीच्या सेन्सरची गोष्ट मात्र निराळी. तो नादुरुस्त झाल्यास जाळीवर बर्फ धरण्याचें भय असतें, म्हणून पुष्कळ गाड्यांत पेटी काँप्रेसरच बंद करते.

अशक्य खोटें पेटीस ओळखतां येतें. संभवनीय खोटें ओळखतां येत नाहीं. तार तुटली नाहीं, पण जोडावर हिरवा कळंक चढून थोडा विरोध वाढला, तर मणी आहे त्याहून थंड भासतो. मग नागपुरास वैशाखांत मालक घामाघूम होतो, आणि पेटी मात्र हवा पुरेशी गार झाली असें मानून स्वस्थ असते. संकेतांक एकही नसतो. आंतली हवा चाखण्यासाठीं फळीवर एक बारीक जाळीदार भोंक असतें. त्यांत धूळ व केस अडकल्यासही हाच प्रकार होतो. आणि उन्हाच्या सेन्सरची तऱ्हा तर मौजेची. कारखान्याच्या अंधाऱ्या छपराखालीं कांहीं गाड्यांची पेटी तोच बिघडल्याचा संकेतांक दाखविते! त्यावर दिव्याचा झोत धरला कीं तक्रार नाहींशी होते. हें ठाऊक नसलेल्या कारागिरानें चांगला सेन्सर फेकून दिला, तर त्याचा भुर्दंड मालकावर बसतो.

खरें नुकसान होतें तें येथेंच. संकेतांक हा जागा दाखवितो, गुन्हेगार दाखवीत नाहीं. तरीही पुष्कळ ठिकाणीं तो वाचून लागलीच पेटी बदलली जाते. नवी पेटी महाग, कित्येक गाड्यांत तिला त्या गाडीची ओळखही करून द्यावी लागते, आणि मूळ दोष उंदरानें कुरतडलेल्या तारेंत तसाच राहतो. चांगला कारागीर प्रथम फ्यूज पाहतो, मग पेटीची जमिनीची तार. पंखा पूर्ण वेगानें लावून, पेटीचें तें टोंक व बॅटरीचें ऋण टोंक ह्यांमध्यें मीटर धरतो. एका व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याहून पुष्कळ अधिक दाब दिसला तर दोष त्या मार्गांत शोधतो. सगळेच सेन्सर एकदम चुकीचें सांगूं लागले, तर सगळ्यांना मिळून असलेली एकच तार संशयास्पद, हें उघड आहे. फळीमागून टक्‌टक् असा आवाज येत असेल तर बहुधा झडपेच्या मोटारीच्या चाकाचे दांत झिजलेले असतात. तेथें पेटी निर्दोष असते.

गारवा गेला तर मनुष्य खिडकी उघडतो. परंतु ह्या पेटीकडे आणखी एक काम आहे. आंबोलीसारख्या घाटांत आषाढाच्या पावसांत पुढच्या काचेवर आंतून वाफ धरते. काच निवळण्याचें बटण दाबलें कीं पेटी काँप्रेसर लावते, हवेंतलें पाणी गार जाळीवर गाळते आणि ती कोरडी हवा कोमट करून काचेवर सोडते. जाळीच्या सेन्सरची तार तुटून काँप्रेसर थांबला असेल, तर ही कोरडी हवा मिळत नाहीं, आणि वळणावर समोरचें दिसेनासें होतें. अशा वेळीं आंतलीच हवा फिरविण्याचें बटण बंद करून बाहेरची हवा घ्यावी, तापमान वाढवावें, पंखा पूर्ण वेगानें काचेवर सोडावा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवावी. एंजिन तापलेलें असल्यास थोड्या वेळांत काच बरीच निवळते. न निवळल्यास गाडी रुंद जागा पाहून बाजूस उभी करावी आणि इशाऱ्याचे दिवे लावून काच पुसून घ्यावी.