पहाटेच्या फुग्यात बसताना

गेल्या हिवाळ्यात गटातल्या आम्ही चौघी जयपूर बघायला गेलो आणि एका पहाटे गरम हवेच्या फुग्यात बसलो. सगळ्या विचारतात, “भीती नाही वाटली?” वाटली. पण माहिती असली की भीती आवरते, म्हणून सांगते.

चुलीचा धूर वर जातो ना, तसंच हे. गॅसच्या ज्वाळेने फुग्यातली हवा तापवतात. ती हलकी होते आणि टोपलीसकट आपल्याला उचलते. फुग्याला स्टिअरिंग नसतं. चालक तो वर-खाली करून सोयीचा वारा शोधतो. पहाटे वारा शांत असतो. ऊन चढून जमीन तापली की हवा उसळते. म्हणून उड्डाण सूर्योदयालाच. वर वारा अंगाला लागत नाही, कारण आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो असतो. खालच्या वाडीतला कोंबडा आरवलेला स्पष्ट ऐकू आला!

१७८४ साली फ्रान्समध्ये एलिझाबेथ तिब्ल अशा फुग्यातून उडाली. मोकळ्या फुग्यातून उडणारी ती पहिली स्त्री.

पण २०१३ साली इजिप्तमध्ये लक्सरला फुग्याला आग लागून १९ जण दगावले. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: चालकाकडे सरकारी परवाना आहे का? विमा आहे का? उड्डाण रद्द झालं तर पैसे परत मिळतील का? गरोदर किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या बाईने बसू नये. उतरताना गुडघे वाकवून आतली दोरी घट्ट धरा.

आणि चालक “आज नको” म्हणाला, तर गळ घालू नका. पैसे पुन्हा जमवता येतात. त्यात तर आपण तरबेज आहोत.