आधी कामाचा अभ्यास, मग यंत्र

लंडनच्या लायन्स कंपनीचा व्यवसाय चहागृहांचा आणि बेकरीचा होता. तिने स्वतः बांधलेला ‘लिओ’ हा संगणक १९५१ साली बेकरीच्या हिशेबाला लावला. मात्र त्यापूर्वी कित्येक वर्षे तिचा एक स्वतंत्र विभाग कचेरीतील कागद कोठून येतो, कोठे जातो आणि कशासाठी, याचा शोध घेत होता. ‘लिओ’वर काम केलेले फ्रँक लँड १९६७ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रणाली-विश्लेषण शिकवू लागले. या विषयाचे सार असे : प्रथम काम करणाऱ्याला विचारावे, कामाचा ओघ कागदावर मांडावा, अनावश्यक टप्पे गाळावेत, मगच यंत्राकडे वळावे. सदोष पद्धतीवर यंत्र बसविल्यास दोष जात नाही. तो अधिक वेगाने घडतो आणि त्याचा भुर्दंड खिडकीपुढे उभ्या असलेल्या नागरिकाला पडतो.