स्टिअरिंग आणि वही
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात गेली तीस वर्षे पाळीने राबणारा कामगार आहे. शाळा आठवीत सुटली, पुढचे वाचन याच विहाराच्या वाचनालयात झाले. समितीने मला सांगितले, "धंद्यावर बोला, पोरांना उपयोग होईल." आता खरे सांगायचे तर धंदा मी केला नाही, माझ्या धाकट्या भावाने केला. १९९३ साली तो सोळा वर्षांचा असताना ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. १९९८ साली हेवी लायसन काढून ड्रायव्हर झाला. आज तो पाच मालट्रकांचा मालक आहे. गाडी तो चालवायचा आणि रात्री वही मी लिहायचो. तेवढ्या अधिकारावर चार शब्द बोलतो.

आपल्या इचलकरंजीत ट्रकचा धंदा काही नवा नाही. तमिळनाडूकडून सूत येते. इथे मागावर कापड होते, आणि ते कोरे कापड भिवंडीला, राजस्थानात बालोतरा-पालीला जाते. हे सगळे चाकावर चालते. आपल्या वस्तीतली कितीतरी पोरे क्लीनर झाली, ड्रायव्हर झाली आणि तिथेच थांबली. मालक झाली ती बोटावर मोजण्याइतकी. का बरे? त्यांना गाडी चालवता येत नव्हती म्हणून नव्हे. ड्रायव्हरला रस्ता दिसतो, भाड्याचा हिशोब दिसत नाही. तो हिशोब शेठच्या गादीवर असतो.

२००७ साली भाऊ म्हणाला, "दादा, माझ्या जागरणावर शेठनं तीन गाड्या घेतल्या. आता एक माझी पायजे." एक जुनी सहाचाकी चार लाख वीस हजाराला ठरली. त्याने साठवलेले साठ हजार होते. मी कामगार पतसंस्थेतून चाळीस हजार उचलले. वहिनीने दागिने गहाण ठेवून वीस हजार दिले. उरलेले तीन लाख एका खाजगी फायनान्सकडून घेतले. हप्ते छत्तीस, हप्ता अकरा हजार. आम्ही गुणाकार केला तो सही करून घरी आल्यावर! तीन लाखाचे तीन लाख शहाण्णव हजार होत होते. मित्रहो, गुणाकार सहीच्या आधी करायचा असतो.

पहिले आठ महिने आनंदात गेले. भाडे हातात येई, डिझेल जाई, हप्ता जाई, आणि जे उरे ती कमाई असे आम्ही समजायचो. त्यातून घराला पत्रे घातले, पाहुणे-रावळे झाले. नवव्या महिन्यात टायर गुळगुळीत झाले. त्याच महिन्यात विमा संपला आणि गाडीचे पासिंगही आले. तिन्ही खर्च एकदम अंगावर. दोन हप्ते थकले, आणि तिसऱ्या महिन्यात फायनान्सची माणसे रस्त्यातच गाडी अडवून ओढून घेऊन गेली. भावाला त्यांनी केबिनमधले अंथरूण आणि जेवणाचा डबा तेवढा काढू दिला. तो एसटीने घरी आला आणि दारात बसून राहिला. वहिनी काही बोलली नाही. ते न बोलणे फार जड होते.

गाडी सोडवायला तीन महिने लागले. तेवढ्या वेळात मी वही घेऊन बसलो. इचलकरंजी ते भिवंडी जाऊन-येऊन आठशे किलोमीटर. लिटरला चारचा ॲव्हरेज, म्हणजे दोनशे लिटर डिझेल. येताना भाडे मिळाले नाही तर रिकाम्या गाडीचे डिझेलसुद्धा जातानाच्या भाड्यातूनच जाते. गाडी भिवंडीत दोन दिवस माल खाली होण्याची वाट बघत उभी राहिली, तर चाक थांबते पण हप्ता थांबत नाही. आणि टायर! सहा टायरचे तेव्हा साठ हजार, चालणार चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे दर किलोमीटरला दीड रुपया रस्त्यावर घासून जातो. एका फेरीला बाराशे रुपये. आम्ही टायर खाऊन घराला पत्रे घातले होते, हे मला त्या रात्री कळले.

मग आम्ही तीन डबे केले. एक टायरचा, एक कागदाचा म्हणजे विमा, टॅक्स, पासिंगचा, आणि एक हप्त्याचा. फेरी झाली की आधी डबे भरायचे, मग घरखर्च. २०११ साली दुसरी गाडी घेतली ती या डब्यांच्या शिस्तीवर. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा गाड्या दारात उभ्या होत्या. हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली, पण व्याज चालूच होते. तेव्हाही डब्यांनीच तारले.

तरुणांनो, कागदाला भिऊ नका. पूर्वी परराज्यात जायचे तर राज्याराज्याचा टॅक्स वेगवेगळा भरावा लागे. २०१० पासून नॅशनल परमिटची एकच एकत्रित फी झाली. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्या लहान मालकाला ठोक उत्पन्न धरून आयकर भरायची सोय १९९४ पासून आहे. मोठ्या पेढीसारखी हिशोबाची पुस्तके त्यासाठी लागत नाहीत. पण सरकारला दाखवायला वही लागत नाही म्हणून स्वतःची वही बंद करू नका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईच्या जकात नाक्यावरची रांग गेली. २०१८ पासून ई-वे बिल आले. २०२१ पासून त्याची मुदत साध्या मालाला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी धरतात. ती मुदत ज्या ड्रायव्हरला वाचता येत नाही, तो रस्त्यात अडकतो. ओव्हरलोडचा मोह तर धरूच नका. २०१९ पासून दंड वीस हजार, आणि वर जादा टनामागे दोन हजार. शिवाय ब्रेक आणि टायर काही दंडाची पावती बघत नाहीत.

आता जे सांगायला मी मुख्यतः उभा आहे ते सांगतो. सांगताना मान खाली जाते, पण सांगतो.

२०१४ ला तिसरी गाडी झाली. भाऊ स्टिअरिंगवरून उतरला आणि फोनवर बसला. २०१६ साली आमची एक गाडी बालोतऱ्याहून येत होती. ड्रायव्हरने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. पुण्याजवळून त्याचा फोन आला, "मालक, तीन तास झोपतो आणि निघतो." भाऊ म्हणाला, "झोप घरी आल्यावर. पार्टी थांबलीया." साताऱ्याच्या अलीकडे पहाटे डुलकी लागली आणि गाडी उभ्या ट्रेलरला मागून धडकली. ड्रायव्हर वाचला. क्लीनरचा पाय मांडीत मोडला. एकोणीस वर्षांचे पोर ते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी भावाला एवढेच विचारले, "तुझा शेठ तुला असंच बोलायचा, तेव्हा तू घरी येऊन काय म्हणायचास?" तो म्हणायचा, "शेठला माणूस दिसत न्हाई, चाक दिसतंय." त्याला ते आठवले. पोराच्या आईसमोर जाऊन त्याने हात जोडले. दवाखान्याचा खर्च त्याने केला, पाय बरा होईपर्यंत पगार चालू ठेवला, विम्याच्या भरपाईचे कागद मी स्वतः फिरून केले. पण पोर आजही थोडे लंगडते. ते कुठल्या डब्यातून भरून येणार?

मी गिरणी कामगार आहे. आठ तासांची पाळी कशी मिळाली हे मला माहीत आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४६ साली कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरलाही आठ तास आणि अठ्ठेचाळीसचा आठवडा लिहून दिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ड्रायव्हरच्या तासांसाठी त्याच कायद्याकडे बोट दाखवले. कागदावर होते, रस्त्यावर नव्हते. आणि मोठ्या शेठने मोडले म्हणून ओरडणारे आम्ही, आमच्या तीन गाड्यांवर आम्हीच ते मोडले.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम केला. लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर. रात्री अकरा ते चार गाडी उभी. झोपेपायी माल उशिरा पोहोचला तर ड्रायव्हरचा भत्ता कापायचा नाही. विम्याचा कागद ड्रायव्हरला दाखवून, वाचून द्यायचा. यात दोन व्यापारी तुटले. तीन नवे मिळाले, कारण आमची गाडी सांगितल्या दिवशी येते. आणि चौथा डबा केला, माणसांचा. आजारपण, अपघात, पोरांच्या फिया त्यातून जातात.

गेल्या वर्षी आमच्या सर्वात जुन्या ड्रायव्हरने भावाची एक गाडी विकत घेतली. जामीन भाऊच राहिला. बाहेरची माणसे म्हणाली, "अरे, स्वतःचाच स्पर्धक तयार केलास की!" भाऊ हसला. ड्रायव्हर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, वही कशी लिहायची तेवढं दाखवा." मी त्याला कोरी वही दिली, आणि पहिल्या पानावर चार रकाने आखून दिले. टायर, कागद, हप्ता, माणूस.

मित्रांनो, ड्रायव्हरचे मालक जरूर व्हा. पण चौथा रकाना आखल्याशिवाय होऊ नका.