मौन म्हणजे संमती नव्हे



‘मौन म्हणजे संमती’ असे आपण सहज म्हणतो. घरच्या व्यवहारात ते चालून जाते, कारण तेथे माणसे परस्परांना ओळखत असतात. पडद्याआड कोण बसले आहे हेच जिथे ठाऊक नाही, तिथे हा न्याय कसा लावायचा?

संकेतस्थळ उघडताच ‘कुकीज स्वीकारा’ अशी सूचना येते आणि आपण न वाचताच बटण दाबून मोकळे होतो. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या संगणकावर ठेवलेली छोटीशी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ती योजली. प्रत्येक कुकी घातक नसते; खरेदीसाठी काय निवडले, हे तिच्यामुळेच लक्षात राहते. परंतु जाहिरातदारांनी याच युक्तीने, माणूस एका संकेतस्थळावरून दुसरीकडे कुठे जातो, याचा माग काढण्यास प्रारंभ केला.

युरोपने त्यास कायद्याची वेसण घातली. जर्मनीतील एका सोडतीच्या संकेतस्थळाने संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवली होती. ग्राहक संघटनांचा महासंघ न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केले, की ग्राहकाने ती खूण काढली नाही, एवढ्याने त्याची संमती सिद्ध होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. अपराध काय? होकार एका बटणावर. नकाराला मात्र आडवळणाची वाट!

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. संमतीविषयक तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. कुकीतून वैयक्तिक माहिती गोळा होत असेल, तर तिलाही हा कायदा लागू पडतो. संमती जितक्या सहजपणे दिली, तितक्याच सहजपणे ती मागे घेता आली पाहिजे, असे तो सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक ठरते. आणि महत्त्वाचे म्हणजे, संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. त्या अनुसूचीत आपली मराठी आहे.

जे समजलेच नाही, त्याला दिलेला होकार हा होकार नव्हे. म्हणून बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबा, नकाराचे बटण शोधा आणि सूचना मराठीत मागा. मागणाराच नसेल, तर कायद्यातील हा अधिकार कागदावरच राहील.